उजव्या खांद्यामागचा पट्टा

द्वारकाताई आगाशे यांनी अर्ध्या पुण्यातल्या बायकांना गाडी शिकवली, असं नारायण पेठेतल्या त्यांच्या शेजारणी सांगत. ते जरा फुगवून सांगितलेलं असलं, तरी अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या क्लासचा पहिला नियम एकच होता. आधी पट्टा, मग किल्ली. कुणी विसरलीच तर ताई रागवत नसत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसत. शेवटी शिकणारी ओशाळून विचारी, "काय झालं, मॅडम?"

"काही नाही. तुम्हाला घाई नाही असं दिसतंय," ताई म्हणत.

त्यांनी लग्न केलं नाही. साठीला आल्यावर क्लास बंद केला, क्लासची गाडी देऊन टाकली. मग राहिली ती वडिलांची दोन दारांची जुनी हेराल्ड. तिला मुळात पट्टे नव्हते. ताईंनीच ते मागाहून बसवून घेतले होते. दोन दारांच्या गाडीचं दार लांबलचक, त्यामुळे पट्टा ज्या खांबाला लटकतो तो खांब चालवणाऱ्याच्या खांद्याच्या बराच मागे. उजवा हात मागे वळवायचा, चाचपायचं आणि ओढायचं. इतकी वर्षं ताई ते न बघता करत आल्या होत्या.

आणि मग उजव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या, पुढे औषधं झाली. ताईंनी सगळं निमूट पार पाडलं. भेटायला येणारे म्हणत, "धीराच्या हो तुम्ही." ताईंना धीर वगैरे काही जाणवत नव्हता. काहीच जाणवत नव्हतं. दंडाची आतली बाजू बधिर राहील हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. बाकीच्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. सकाळ व्हायची, पेपर यायचा, तो वाचून व्हायचा, आणि काय वाचलं ते घडी घालेपर्यंत पुसलं जायचं.

एका रविवारी त्यांची भाची उत्कर्षा हिंजवडीहून आली. "मावशी, बॅटरी उतरेल गं. एक राउंड मारून येऊ."

दोघी गाडीत बसल्या. ताईंचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा तिथेच. उत्कर्षानं पटकन वाकून पट्टा ओढला, त्यांच्या अंगावरून आणला आणि खट्कन लावला.

"झालं! सिंपल."

ताईंनी पट्टा सोडला आणि खाली उतरल्या. "चल, चहा टाकते."

"अगं, काय झालं?"

"मी असं बांधून घेणार नाही."

आवाजात राग नव्हता. उत्कर्षालाच उलट रडू आलं. जाताना ती म्हणाली, "मग जवळच्या जवळ बेल्टशिवाय चालव ना. कोण बघतंय?" ताईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सॉरी."

नंतर उत्कर्षानं ऑनलाइन एक प्लास्टिकचा दांडा मागवला. तो सीटला अडकवायचा आणि त्यात पट्टा ठेवायचा. हेराल्डच्या बारक्या सीटवर तो डगमगला आणि पहिल्याच ओढीत पट्ट्यासकट हातात आला. ताईंनी तो कचऱ्यात टाकला. वाईट वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या उठल्या आणि रिक्षा करून नाना पेठेत साईनाथच्या सीटकव्हरच्या दुकानात गेल्या. का गेल्या, हे त्यांना सांगता आलं नसतं. काहीतरी करायचं होतं आणि हे समोर होतं.

साईनाथनं घरी येऊन सीटच्या वरच्या कडेला चामड्याचा फास शिवला आणि त्यातून पट्टा ओवला. ताई बसल्या.

"मानेला घासतोय. ब्रेक मारला तर गळाच धरेल."

त्यानं फास खाली घेतला.

"आता दंडावर घसरला. याचा काय उपयोग?"

साईनाथ वैतागला. "ताई, या सीटला डोकं टेकायला काही नाही. अडकवू तरी कशाला?"

ताईंनी फासातला पट्टा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्ही पट्टा धरून ठेवताय. धरू नका. नुसता हाताशी आणून द्या. ओढला की सुटला पाहिजे आणि आपल्या मूळ जागी बसला पाहिजे."

साईनाथनं मान खाजवली. चार दिवसांनी तो सीटच्या सांगाड्याला बसवायची एक लोखंडी पट्टी घेऊन आला. तिच्या टोकाला चामडं गुंडाळलेला उघडा हूक होता, नेमका उजव्या खांद्याशेजारी. पट्टा त्यावर नुसता टेकून राहायचा. पट्ट्याचं टोक ज्यात अडकतं त्या, सीटच्या फटीत बुडणाऱ्या कुलपालाही त्यानं जाड चामड्याची बाही चढवली, म्हणजे ते उभं राहील.

ताईंनी या वेळी उजवा हात मांडीवरच ठेवला. डावा हात छातीवरून पलीकडे नेला. पट्टा हाताला लागला, ओढल्यावर हुकातून सुटला आणि खट्कन बसला.

"जमलं, ताई!" साईनाथ म्हणाला.

"जमलं."

आनंद व्हायला हवा होता, एवढं त्यांना कळत होतं. साईनाथ तोंडाकडे बघत उभा होता, म्हणून त्या म्हणाल्या, "छान काम केलंत."

पुढच्या तपासणीला त्या एकट्या गाडी घेऊन निघाल्या. येरवड्याच्या पुलापाशी एक रिक्षा अचानक आडवी आली आणि ताईंनी ब्रेक दाबला. पट्ट्यानं धरलं. गळ्याखालच्या हाडावर सणकून दुखलं. त्याच्या खाली, जिथे टाके होते, तिथे काही कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, तशा त्या पुढे निघाल्या.

हॉस्पिटलात शेजारच्या खुर्चीवर हिरव्या नऊवारीतल्या एक बाई होत्या. सुशीलाबाई, हिंजवडीकडच्या. ताईंच्या हातातली किल्ली त्यांनी निरखून पाहिली.

"तुमी सोता चालवत आला?"

"हो."

"मी बी चालवायची. भाजी भरून पार मार्केटयार्डापतुर. आता हात पट्ट्यापतुर जातच न्हाई. पोरगं म्हनतं, आये, तू मागं बस." त्यांनी उजवा दंड चोळला. "ह्याच बाजूचं हाय माझं."

नंबर यायला अवकाश होता. ताई उठल्या. "चला खाली. एक दाखवते."

सुशीलाबाई हेराल्डमध्ये बसल्या. ताईंनी डावा हात कसा न्यायचा ते दाखवलं. पहिल्यांदा पट्टा निसटला. दुसऱ्यांदा बसला. सुशीलाबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, आणि त्यांना हुंदका फुटला. पदर तोंडाला लावून त्या रडत राहिल्या.

ताई दारात जराशा सरकून उभ्या राहिल्या, म्हणजे ऊन बाईंच्या तोंडावर येणार नाही.

थोड्या वेळानं सुशीलाबाईंनी डोळे पुसले. "तुमास्नी न्हाई येत रडू?"

"नाही. अजून नाही."

"यील."

"बघू," ताई म्हणाल्या.

सुशीलाबाईंच्या चार दारांच्या गाडीला साईनाथनं तसाच हूक केला. तिथे तर काम सोपंच होतं. पहिल्या दिवशी नाना पेठेतून हिंजवडीपर्यंत ताई त्यांच्या शेजारी बसल्या. कंपन्यांच्या बसगाड्या दोन्ही बाजूंनी घासून जात होत्या आणि सुशीलाबाई एकेका ड्रायव्हरचा उद्धार करत होत्या.

"हॉर्न कमी, आरसा जास्त," ताई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी कुणाला काही शिकवलं होतं. तेवढं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या.

घर आलं. गाडी अंगणात शिरली. सुशीलाबाईंनी पट्टा सोडला आणि तो तसाच टाकून उतरायला निघाल्या.

"पट्टा जागेवर," ताई म्हणाल्या.

सुशीलाबाई मागे वळल्या आणि त्यांनी तो हुकावर नीट टेकवून ठेवला. "या आता घरात," त्या म्हणाल्या, "भाकरी टाकते."

ताई आत गेल्या आणि जेवल्या.