मैदानावर आज कोण आहे?

नाना गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या गेटवर मिळाला. पाळी चालू असताना कामगाराला गेटवर बोलावणं आलं की ते सहसा चांगल्यासाठी नसतं. त्यामुळे हात पुसत जाताना मी मनातल्या मनात आई, वडील, बायको अशी सगळ्यांची नावं घेऊन टाकली. नानांचं तेवढं घेतलं नाही. आदल्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भेटून आलो होतो, बरे वाटले होते... गेटवर सुभाष उभा होता. आमच्या क्लबचा गोलकीपर, तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणारा, माझ्यासारखाच मूळचा साताऱ्याकडचा. "नाना गेले रे," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहिला. रडायचं सोडून हा ट्रक काय बघतोय, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. पण मीही तेच बघत होतो.

नाना म्हणजे आमच्या मिठागर फुटबॉल क्लबचे संस्थापक, सेक्रेटरी, कोच आणि राखणदार. नेरूळच्या खाडीकडच्या जुन्या गावातले. आम्ही ज्याला मैदान म्हणतो ते त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं. शहर वसवायला गावच्या जमिनी गेल्या, त्यात तेही गेलं. आजूबाजूला इमारती उठल्या, पण एवढा तुकडा कशासाठी तरी राखून ठेवलेला होता. कुणी म्हणे शाळा होणार, कुणी म्हणे मंडई. होईपर्यंत तो मोकळा. आणि आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे उघडं दार. आधी डेब्रिजचा एक ट्रक रिकामा होतो, मग दुसरा, मग ढिगावर पत्रा चढतो. शेत परत मिळणार नाही हे नानांनी कधीच गिळलं होतं. पण ते डोळ्यांदेखत राडारोड्याखाली जाऊ नये, गावच्या पोरांना पळायला तेवढं तरी उरावं, याच्यासाठी त्यांचा जीव सदा टांगणीला लागलेला असायचा.

क्लब त्या धास्तीतूनच निघाला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. गावातली पोरं त्या जागेवर क्रिकेट खेळायची आणि बाजारातल्या माथाड्यांची आम्ही पोरं बाजूला उभं राहून चेंडू आणून द्यायचो. एके दिवशी नाना कुठूनसा एक फुटबॉल घेऊन आले आणि म्हणाले, आजपासून हे. गावकीची पोरं भडकली. क्रिकेट सोडून हे काय? त्यावर नानांनी दिलेलं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "क्रिकेटला मदली पट्टी बास हाय. कडंनं कोनी पन घुसंल. फुटबॉलला चारी कोपरं लागतान." जागा अडवायला सोयीचा म्हणून खेळ निवडणारा संस्थापक जगात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. माणसं कमी पडत होती म्हणून आम्हालाही आत घेतलं. गोलाचे खांब म्हणजे खाडीत जाळं बांधायचे बांबू. नानांना ऑफसाइड शेवटपर्यंत कळला नाही. कोच म्हणून त्यांची एकच ओरड असायची, "कोपऱ्यावं जा, कोपऱ्यावं!" आणि त्या एका सूचनेवर आमचे दोन्ही विंगर इतके तयार झाले, की समोरचे संघ विचारायचे, तुमचा कोच कुठे खेळलाय?

एका गणपतीत मात्र घात झाला. आम्ही बाजारातली पोरं साताऱ्याकडे गावाला गेलो, गावातली पोरं आरत्या आणि नाच यात गुंतली, आणि नानांच्या घरीच पाहुण्यांची रीघ. चार-पाच दिवस मैदानावर कुणी फिरकलं नाही. आम्ही परतलो तेव्हा खाडीकडच्या गोलासमोर विटांच्या तुकड्यांचा, तुटक्या संडासांचा, सिमेंटच्या ढेकळांचा माणसापेक्षा उंच ढीग. त्या ढिगावर नाना एकटे घमेलं घेऊन उभे होते. आम्हाला बघितलं आणि वाकून घमेलं भरायला लागले. दिवाळीपर्यंत आम्ही घमेली वाहिली. त्यानंतर नियम झाला, की एकही संध्याकाळ मैदान मोकळं राहता कामा नये. पाऊस असो, परीक्षा असो, कुणाचं लग्न असो. कुणीच मिळालं नाही तर नाना स्वतः यायचे, एका हातात छत्री धरून, पायानं बॉल ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकी, म्हणजे त्यांची बायको, घराच्या ओट्यावर मासळीची पाटी धूत असायची. ती तिथूनच बोंबलायची, "घरान पावनं आलंत आनि ह्यो म्हातारा चिखलान बॉल खेलतो!" मैदान घराला लागूनच, त्यामुळे सगळ्या सेक्टरला ऐकू जायचं. आम्ही हसायचो. काकीला आमचा खेळ डोळ्यांसमोर नको आहे, अशीच आमची समजूत होती.

सामन्याच्या दिवशी नाना खेळाकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्या संघांना वाटायचं, नवस असेल. नवस कसला, त्यांची नजर रस्त्यावर! सामना म्हटला की गर्दी, गर्दी म्हटली की गाड्या, आणि त्या गडबडीत एखादा ट्रक हळूच आत वळायचा, हे त्यांचं टेन्शन. खांदेश्वरला नाहीतर आणखी कुठे बाहेर सामना असला तर ते यायचेच नाहीत. सगळा संघ बाहेर म्हणजे इथं कोण? वाशीच्या एका कॉलनीच्या संघाला आम्ही पहिल्यांदा हरवलं तो गोल माझा होता. जन्मात एकदा बसतो तसा डाव्या पायाचा फटका. मी थेट नानांकडे धावत गेलो. "नाना, बघितला?" ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, "बगितला. खडी होती. पुढं गेला." आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण आज तो गोल कुणाला सांगायला जातो तेव्हा गोलाआधी नानांची पाठच आठवते.

मागच्या उन्हाळ्यात काही माणसं आली आणि मैदानाच्या कडेला लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेली. विचारलं तर म्हणाले, मोजणी आहे, पुढचं आम्हाला माहीत नाही. त्या दिवसापासून नानांचं अन्न तुटलं. सकाळ-संध्याकाळ खुंट्यांभोवती फेऱ्या, एखादी सरकली तर नाही ना. छातीत दुखायचं ते अंगावर काढलं. मी म्हटलं, "नाना, टेन्शन घेऊ नका, व्हायचं ते होईल." तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुंटी ठोकली होती. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी नाकात नळी असतानाही पहिला प्रश्न तोच. "आज कोन हाय मैदानान?" मी सांगितलं, सुभाष आहे, आणखी सहा-सात जण आहेत. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मंग तू हितं काय करतंस? जा."

दुसऱ्या दिवशी गेटवर तो निरोप आला, आणि दुपार कलल्यावर आम्ही त्यांना स्मशानात नेलं. अख्खं गाव, अख्खा क्लब, जुने-नवे सगळे खेळाडू. अग्नी दिला, सगळे हात जोडून उभे राहिलो. आणि समोर नानांची चिता पेटलेली असताना मी माणसं मोजायला लागलो. सगळेच इथं आहेत. म्हणजे तिथं कोणी नाही... असल्या वेळी हा विचार यावा याची लाज वाटली. शेजारी सुभाष सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. शेवटी माझ्या कानाशी पुटपुटला, "मैदानावर कोण आहे रे?" मी कुणी नाही अशी मान हलवली. त्याच्या पलीकडच्यानं आमच्याकडे बघितलं, त्याच्या पलीकडच्यानंही. सगळ्यांच्या मनात तेच चाललं होतं. पण निघणार कसं? विधी पुरा झाल्याशिवाय, नानांच्या घरी जाऊन दिव्याला हात जोडल्याशिवाय कुणी कुठं जात नाही. परतीच्या वाटेवर आमची चाल वाढत गेली, आणि गावच्या गल्लीत शिरल्यावर तर आम्ही जवळजवळ धावतच होतो.

घरात दिवा तेवत होता. दिव्यापाशी एक आजी एकट्याच बसलेल्या. ज्या घरातून प्रेत नुकतंच उठलंय, ते घर बायकांनी भरलेलं असतं. इथं चिटपाखरू नाही. "बाया कुठं गेल्या?" सुभाषनं विचारलं. आजींनी हातानं मागच्या दाराकडे दाखवलं.

मैदानावर, अगदी मध्यावर, गावातल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. मध्ये काकी, कपाळ पुसलेलं, डोक्यावर पदर. रडणं चालूच होतं, जे घरात चालायचं तेच उघड्यावर चाललं होतं. त्या दिवशी नवऱ्यामागं राहिलेल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? आम्ही जाऊन उभे राहिलो. काकी आमच्याकडे बघून म्हणाली, "एक ट्रक येऊन गेला. मान्सा बगितली नि मागं फिरला." मग पदर ओढून घेत, "तुमी सगली तिकडं. मंग हितं कोनी बसायचं?"

सुतकाचे सगळे दिवस तिला भेटायला येणारे तिथंच येऊन भेटले. गावात कुरकुर झाली, तिनं कानाआड केली. खुंट्या अजून आहेत. पुढं काय होणार ते कुणी सांगत नाही, आणि नानांसारखं आता मलाही रात्री नीट झोप लागत नाही. नानांविषयी लिहायचं म्हणून आज रजा काढून बसलो, पण लिहिताना सारखं लक्ष घड्याळाकडे जातंय. सुभाषची आज बाजारात जादा पाळी आहे, दोघं लग्नाला गेलेत, एकाचा पाय मुरगळलाय. सांगण्यासारखं अजून पुष्कळ होतं... पण ऊन उतरायला लागलंय, आणि मैदानावर कुणी नाही. निघतो.