छावणीतली होडी

ओल्या फायबरचा वास आला, की मला दुष्काळातली जनावरांची छावणी आठवते. घाटनांदूरजवळच्या त्या छावणीचा हौद फुटला, तेव्हा दूध सोसायटीच्या चेअरमननी मुंबईच्या भंगारातून एक नारिंगी होडी आणवली आणि तिच्यात टँकरचं पाणी सोडलं. "पर्यटकांच्या मोठ्या जहाजाला टांगलेली असायची ही," ट्रकवाला सांगत होता, "जहाज बुडालं तर माणसं वाचवायला. पण ते बुडालंच न्हाई. सारी दुनिया फिरून म्हातारं झालं अन् तोडलं. हिला पाणी आजच लागलं बगा." बाकीची जनावरं प्याली. आमचा बैल मात्र होडीला बुजून मागं सरायचा. त्याचा जोडीदार आधीच मेला होता, वडील ऊसतोडीला गेलेले, आणि हा कालपासून तहानलेला. "वहिनी, त्याला तिकीट दाखवा की!" चेअरमन हसले. साडी वर खोचून आई होडीत चढली, बाकावर बसली आणि पाय पाण्यात सोडून त्याला बोलावत राहिली, "ये राजा, मी हाय ना." शेवटी तो आला आणि तिच्या पायाशी तोंड लावून पोटभर प्याला. लोक पांगले, पण आई उतरेना. होडीची कडी घट्ट धरून ती माळाच्या पार पलीकडं बघत होती, जणू होडी आता सुटणारच होती. "आई, चल की," मी पुन्हा पुन्हा म्हणाले; तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आज मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. त्या दुपारी ती कुठं निघाली होती, हे तिला विचारावंसं वाटतं. पण ती खरं सांगेल, याची भीती वाटते.