घरात गणपती, सिल्व्हरस्टोनला आम्ही

तिकिटं जुलैत काढली आणि गणपती कधी आहेत ते ऑगस्टमध्ये पाहिलं. आमच्याकडे नियोजन असंच चालतं.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, पुण्यात कॉलेजात असल्यापासून सिल्व्हरस्टोनच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीबद्दल रद्दीतल्या मासिकांत वाचत आलाय. आम्ही इंग्लंडात आलो तेव्हा ती बंद पडलेली होती. पुन्हा सुरू झाली, तर कधी ह्याचं ऑफिस आडवं आलं, कधी माझे पाहुणे. यंदा, २००७ साली, शर्यत रविवारी आणि आमचा दीड दिवसाचा गणपती शनिवारी. गणपती बसलेला असताना घराला कुलूप लावत नाहीत. माझा देवावर नक्की किती विश्वास आहे, हे मला चाळिशी उलटली तरी ठरवता आलेलं नाही. पण कुलूप लावायला हात होईना.

शेवटी इल्फर्डचे बापटकाका धावून आले. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे. इथे बेबीसिटर असतात तसा मी गणपतीसिटर, म्हणाले. अट एकच, सात वाजता आरती आणि मग विसर्जन. शिरीषने शब्द दिला.

आमच्या स्टॅनमोरहून, म्हणजे लंडनच्या उत्तर टोकाहून, एम-वन हमरस्ता धरा, मग ए-४३. सकाळी सव्वा तासात पोहोचता येतं. जाणार असाल तर डबा न्याच, कारण तिथला बर्गर महाग आहे आणि तो बर्गरसारखा लागतही नाही. कानांत घालायला बोळे हवेत. नसतील तर नंतर दोन दिवस नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. ज्याला त्याला काय हवं ते त्याने ठरवावं.

वाटेत शिरीषने इतिहास सांगितला. (मी तो नंतर तपासला. बराचसा बरोबर निघाला.) युद्धात इथे विमानतळ होता. युद्ध संपलं, धावपट्ट्या रिकाम्या पडल्या, तर लोकांनी त्यांवर गाड्या पळवल्या. ही लांब पल्ल्याची शर्यत सत्तरच्या दशकातली. ऐंशीच्या दशकात ती भरात होती, नव्वदच्या सुरुवातीला बंद पडली आणि अलीकडे पुन्हा आली.

"म्हणजे तुझ्या शर्यतीचंही विसर्जन झालं होतं," मी म्हणाले. तो हसला नाही. या विषयावर तो हसत नाही.

आम्ही स्टँडमध्ये रुमाल टाकून जागा धरली आणि पहिले दोन तास नाटकाला बसल्यासारखे बसून राहिलो. आजूबाजूचे इंग्रज पेपर वाचत होते, चक्क झोपत होते. थर्मास घेऊन बसलेल्या एका आजोबांना अखेर आमची दया आली. सहा तासांची शर्यत कोणी एका जागी बसून बघत नाही, प्रत्येक वळणावरून बघायची असते, असं त्यांनी सांगितलं. मग आम्ही हिंडलो. वेगवान आणि हळू गाड्या एकत्रच धावतात, ड्रायव्हर आळीपाळीने बदलतात. कोण पुढे आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दाराला टेप चिकटवलेली एक पिवळी गाडी मी मनातल्या मनात दत्तक घेतली.

तासभर उरला असताना शिरीष उठला आणि डबा आवरायला लागला. सातला पोहोचायचं तर आत्ताच निघायला हवं होतं. त्याने एकदाही ट्रॅककडे पाहिलं नाही. थांब म्हणावं, तर त्याचा शब्द मी मोडणार. चल म्हणायला जीभ उचलेना. मी काकांना फोन लावला.

"तिकडे कोण एवढं ओरडतंय?"

"गाड्या आहेत, काका. एक तास राहिलाय, पण आम्ही निघतोय."

"का? इथे बाप्पा आणि मी मजेत आहोत. त्याच्या वाटचे मोदकही मीच खाल्ले." मग म्हणाले, "शिरीषला म्हणावं, खाली बस. पूजेतून असं अर्धवट उठतं का कोणी?"

मी निरोप जसाच्या तसा दिला. शिरीष बसला, डबा मांडीवर घेऊन.

तासाभराने शर्यत संपली. पहिली गाडी आली, माझी पिवळी बऱ्याच वेळाने. लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. शिरीष टाळ्या वाजवत नव्हता. टोपी काढून उभा होता.

पार्किंग म्हणजे एक शेत, आणि शेतातून बाहेर पडायला फाटक एक. सात वाजता आम्ही जिथल्या तिथेच होतो. फोन वाजला.

"सुरू करू?" काकांनी विचारलं आणि मोबाइल स्पीकरवर टाकून बाप्पाशेजारी ठेवला. फोनमधून घंटा ऐकू आली. आम्ही गाडीत बसून टाळ्या वाजवत सगळ्या आरत्या म्हटल्या. शिरीष नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या एक ओळ पुढे. शेजारच्या गाडीत थर्मासवाले आजोबा होते. त्यांनी इंजिन बंद केलं आणि आमचं संपल्यावर काच खाली करून, हे कुठल्या टीमचं गाणं, असं विचारलं.

"घरच्या," शिरीषने गंभीरपणे सांगितलं.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मागच्या बागेत निळ्या बादलीत विसर्जन केलं. पुढच्या वर्षी लवकर या, असं आम्ही तिघांनी शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतपत हळू म्हटलं.

सोमवारी सकाळी चहा घेताना शिरीषने पुढच्या वर्षीची चतुर्थी शोधली. तीन सप्टेंबर. बाप्पा खरंच लवकर येतोय. शर्यतीची तारीख अजून लागलेली नाही, आणि त्या बाबतीत मी काही बोलत नाही. ती मध्ये किती तरी वर्षं आलीच नव्हती, आणि वाट बघणारा माणूस माझ्यासमोर बसला होता.