लेकीचा साप आणि नवऱ्याची ढोलकी

साप पाळायला मी होकार दिला, याचं मलाच अजून नवल वाटतं. इथे आखातात, बनेद अल-गारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या टेबलावर, काचेची पेटी आली. तिच्यात लेकीचा छोटा अजगर, आणि माझ्या फ्रीजरमध्ये सुरमईशेजारी त्याचे गोठवलेले उंदीर. माणसाला सवय कशाचीही होते.

मग त्यानं खाणं सोडलं. आठवड्यामागून आठवडे गेले, पाठीचा कणा दिसायला लागला. डॉक्टरांना काही आजार सापडेना. लेकही अर्ध्या ताटावरून उठू लागली. आधीच ती इंग्रजीत उत्तरं देणारी, आता तीही देईना. मी सापापेक्षा तिचीच धास्ती घेतली होती.

त्याच सुमारास आमच्याकडे दर शुक्रवारी भजन सुरू झालं होतं. ढोलकी नवऱ्याची. ती रंगात आली की साप डोकं वर काढून काचेला घासत फिरायचा आणि बायका हात जोडायच्या. देव डोलतोय म्हणायच्या. एकीनं तर काचेच्या पेटीला हळदकुंकू लावलं. नवरा इतका फुगला, की थाप आणखी जोरात पडू लागली.

एका शुक्रवारी प्रसादाचं ताट ठेवताना माझा हात पेटीवर टेकला. काच थरथरत होती. लहानपणी रत्नागिरीकडे आम्ही तिन्हीसांजेला काठी आपटत वाट चालायचो. हादरा कळला की जनावर बाजूला होतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हा बाजूला होऊन जाणार कुठे? भक्ती कसली, बिचारा पळायला वाट शोधत होता.

मी भजन मध्येच थांबवलं. “तो डोलत नाहीये, घाबरलाय,” मी म्हणाले. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण पेटी त्यानंच उचलून लेकीच्या खोलीत नेली, खाली जाड रजई घातली, आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही नुसत्या टाळ्यांवर भजन केलं.

काही दिवसांनी दुपारी मी पोळ्या करत होते. लेक स्वयंपाकघराच्या दारात आली, डोळे भरलेले. मी लाटणं खाली ठेवलं.

“आई, त्यानं खाल्लं,” ती म्हणाली.

तव्यावरची पोळी मी तशीच तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उभ्यानंच खाल्ली आणि दुसरी मागितली.