डाव्या खांद्याची बंदूक

उदयराव टिपणीस सूड घेतील, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळात त्यावर हशाच झाला असता. विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर, आरतीला टाळ वाजवणारे, आणि मंगळवारी स्वतःची कचऱ्याची बिन बाहेर काढताना शेजारच्या म्हातारीचीही ओढून ठेवणारे हे गृहस्थ. पण या गृहस्थांनी एक राग पंचवीस वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. फोडी मऊ पडल्या होत्या, तिखट मात्र तसंच होतं.

त्या रागाचं नाव शशी. उदयरावांच्या पत्नी अलकावहिनींचा थोरला भाऊ, लंडनमधल्या स्टॅनमोरला राहणारा अकाउंटंट. शशीला जगातली प्रत्येक वस्तू विकायला काढलेलीच दिसायची. कुणाकडे नवा सोफा आला, की त्यावर बसायच्या आधी तो विचारायचा, "विकताना काय येईल?" त्याच्या स्वतःच्या सोफ्याचं प्लास्टिक अकरा वर्षं निघालं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणे उठले की चर्र असा आवाज यायचा.

एकोणऐंशी साली उदयराव कॉव्हेंट्रीत एका खोलीत राहत होते आणि त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. दर रविवारी ते तिला पुसायचे, मग चालवायचे, मग पुन्हा पुसायचे. अलकाशी लग्न ठरलं आणि शशी म्हणाला, "उदयराव, हिवाळ्याआधी काढून टाका. मार्चनंतर तिला कुत्रं विचारणार नाही." होणारा मेहुणा, पहिलीच मागणी. नाही कसं म्हणायचं? काढून टाकली.

दोन हजार दोनच्या दिवाळीत, स्टॅनमोरच्या घरी, चाळीस माणसांसमोर, चिवड्याची वाटी हातात घेऊन शशी म्हणाला, "आमच्या जावईबापूंकडे तसलीच मोटरसायकल होती बरं का. आज सोन्याच्या भावाने जाते. पण यांनी फुंकून टाकली!"

यांनी! उदयराव तोंडातला एकच शेंगदाणा बराच वेळ चावत राहिले.

पुढच्या वर्षी कारखान्यातला केन त्यांना मातीच्या तबकड्या उडवायला घेऊन गेला. यंत्रातून तबकडी हवेत भिरकावली जाते, आपण शॉटगनने फोडायची. उदयरावांनी पहिल्या विसातली एकही फोडली नाही. केनने त्यांना दूरच्या झाडाकडे बोट दाखवायला लावलं, एकेक डोळा मिटायला सांगितला आणि म्हणाला, तुझा नेम धरणारा डोळा डावा आहे, मग बंदूक उजव्या खांद्याला कशाला?

कशाला म्हणजे? लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आईचं उलथणं पडायचं, म्हणून. उदयरावांनी भीतभीत खांदा बदलला. तबकडीचा चुरा झाला. त्यांनी नकळत मागे वळून पाहिलं. आई नव्हती.

मग परवाना आला. त्यासाठी पोलीस घर पाहून गेला, जिन्याखाली तांदळाच्या पोत्याशेजारी लोखंडी कपाट भिंतीत ठोकलं गेलं, आणि त्याची किल्ली फक्त उदयरावांकडे राहील असं त्याने बजावलं. अलकावहिनींनी पाटल्या त्यातच ठेवू म्हणून आधीच ठरवून टाकलं होतं. संसारातल्या ज्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला नाही, असं ते पहिलंच कुलूप.

उदयरावांनी जुनी, दोन नळ्यांची इंग्लिश बंदूक घेतली. शशीचा फोन लगेच आला. त्याच्याकडेही बंदूक होती, इटालियन, नक्षीची, 'गुंतवणूक' म्हणून घेतलेली. ती तो वर्षातून दोनदा चालवायचा आणि बारा वेळा पुसायचा.

"उदयराव, एक ऐका. दस्त्याला हात लावू देऊ नका कुणाला. डावखुऱ्यासाठी वाकवून घेतलात, की संपलं. डाव्या हाताची बंदूक घेणार कोण? अहो, आपण प्रसादसुद्धा डाव्या हाताने घेत नाही!"

"बरोबर आहे तुमचं, शशीभाऊ," उदयराव म्हणाले. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बंदूक घेऊन कारागिराकडे गेले.

त्याने खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता गरम तेलाने शेकून डावीकडे वाकवला. उदयराव बुटके, म्हणून इंचभर कापला. "आणखी काही?" त्याने विचारलं. उदयरावांनी कागदावर स्वतःचं नाव लिहून दिलं. तेही त्याने दस्त्यावरच्या चांदीच्या पत्र्यावर कोरलं, देवनागरीत. विकण्याच्या सगळ्या वाटा बुजल्याची खात्री करूनच इन्स्पेक्टरसाहेब घरी परतले, आणि शशीला ईस्टरला पैजेचं आमंत्रण धाडलं.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. शशी आला, पण प्रत्येक दोन बारांनंतर बंदूक पिवळ्या फडक्याने पुसत होता. तबकडी आकाशात आणि याची नजर नळीवरच्या थेंबावर. पंचविसातल्या नऊ फुटल्या. उदयरावांनी सतरा फोडल्या. प्रत्येक वेळी खांद्याला बंदूक लावताना ते पुटपुटत होते. केनला वाटलं, मंत्र म्हणतोय. ते मोटरसायकलचा नंबर म्हणत होते.

"तुमच्या बंदुकीत काहीतरी आहे. बघू?" शशी म्हणाला.

"घ्या की." आवाजात तूप होतं.

शशीने ती उजव्या खांद्याला लावली आणि बार काढला. उलटा वाकवलेला तो दस्ता गालफडावर असा बसला, की डोळ्यांत पाणी आलं. "जपून हं," उदयराव म्हणाले. अगदी वेळ साधून, बार झाल्यावर.

सूड इथेच संपायचा. पण शेजारी एक उंच, डावखुरी बाई उभी होती, वेल्सकडची जनावरांची डॉक्टर. तिने बंदूक मागितली, डाव्या खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाली, डाव्या हाताची जुनी इंग्लिश बंदूक मी चार वर्षं शोधतेय, दस्ता लांब करून घेईन, दोन हजार पौंड देते.

उदयरावांचे सगळे मिळून आठशे गेले होते. हे शशीला पै न् पै ठाऊक होतं.

"उदयराव!" शशी मराठीत कुजबुजला. गाल सुजल्यामुळे शब्द घरंगळत होते. "हो म्हणा! लगेच हो म्हणा!"

उदयराव बाईंना नम्रपणे म्हणाले, "सॉरी, नॉट फॉर सेल." मग मेहुण्याकडे वळले. "मोटरसायकलही विकायची नव्हती, शशीभाऊ."

शशीने फडकं घडी करून खिशात घातलं. स्वतःचं नुकसान त्याने सोसलं असतं. दुसऱ्याचा फायदा असा पावसात सोडून येणं त्याला सोसवेना.

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो.

"त्या बाईंचा नंबर घेतला होतात ना?"

"घेतला होता."

"मग?"

"कुठे ठेवला, सापडत नाही हो."

नंबर जिन्याखालच्या लोखंडी कपाटात आहे, बंदुकीच्या शेजारी, चुंबकाने लावलेला. फोन ठेवला की उदयराव किल्ली काढतात, कागद जागेवर आहे ना ते पाहतात, आणि पुन्हा कुलूप लावतात.