आखाजीचा नीरफणस

आखाजीच्या आदल्या दिवशी पारोळ्याच्या स्टँडवर माझ्या नावाचं एक खोकं आलं. माझ्या मेव्हण्यानं ते कोकणातून धाडलं होतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक हिरवं, गोल, खरखरीत फळ. बायकोनं ते पाहिलं मात्र, दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मी खानदेशचा माणूस. केळी, डांगर म्हणजे तुमचं खरबूज, बोरं, सीताफळ, फार तर रामफळ, यापलीकडे माझी मजल नाही. "हा नीरफणस," ती म्हणाली. "आमच्या परसातला. आईनं लावलेल्या झाडाचा."

तिची आई आदल्या पावसाळ्यात गेली होती. आता मेव्हणा तिथं नवं घर बांधत होता आणि झाड नेमकं पायाच्या खड्ड्यात येत होतं. तोडण्याआधी त्यावर एकच जून फळ मिळालं, ते त्यानं बहिणीला पाठवलं. म्हणजे आमच्या ओट्यावर आलेलं ते शेवटचं फळ. "उद्या याचे काप करीन," बायको म्हणाली. "आईला फार आवडायचे." फळ तिनं स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवलं आणि डोळे पुसून कामाला लागली.

आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि ती दोघांची असते. एक, गेलेल्या माणसांची. त्यांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, पुरणपोळी आणि रसाचा घास तूप सोडून विस्तवावर टाकायचा. त्याला आम्ही आगारी म्हणतो. दुसरी, सासरी गेलेल्या लेकींची. त्या दिवशी गावातल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, निंबाला बांधलेल्या झोक्यांवर बसतात, गाणी म्हणतात आणि चुलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रांधायचं कोणी? अर्थात घरच्या सुनांनी. माझी बहीण दोन दिवस आधीच दोंडाईच्याहून आली होती आणि झोक्याचा ताबा घेऊन बसली होती.

माझ्या बायकोला माहेरी बोलावणारं आता कोणी राहिलं नव्हतं. भाऊ चांगला आहे, पण आखाजीचं बोलावणं कोकणात नसतंच. मला ते दिसायचं, पण करता काही येत नव्हतं.

माझ्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणते, आम्हीही. बाई तिखटाला आणि जिभेला दोन्हीकडून कडक. आखाजीच्या सकाळी तिनं बायकोला आणि बहिणीला बांगड्या भरायला पिटाळलं. "जा, आते पोरीस्नी गर्दी व्हई. मी देखस बठ्ठं," म्हणाली. बायको नको नको म्हणत होती, स्वयंपाक पडला होता. सगळं मीच बघते, हा अक्काचा हेका कायम.

मी ओट्यावर मित्रांबरोबर पत्ते कुटत होतो. आखाजीला पत्ते खेळलेले आमच्याकडे बायकासुद्धा माफ करतात. थोड्या वेळानं परसातून पऱ्हाट्यांचा धूर आला, मागोमाग बडगीत मुसळी पडल्याचा ठकठक आवाज. कपाशीच्या वाळल्या काड्या, कुटायची लाकडी बडगी. खानदेशी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, तोंडाला पाणी सुटतं. भरीत! मला वाटलं, एवढ्या उन्हाळ्यात अक्कानं वांगी कुठून आणली? आणि पत्ता टाकता टाकता माठाशेजारचं फळ आठवलं.

परसात जाताना पाहिलं, स्वयंपाकघरात माठाशेजारची जागा रिकामी होती. नीरफणस काळाठिक्कर भाजून, सोलून, बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर कुटून झाला होता.

"अक्का, हे काय केलं?"

"भरीत," अक्का घाम पुसत म्हणाली. "जाड सालीनं, गरनं भरेल. भाजाशिवाय कसं कळी? तिना माहेरनं शे, तिले आयतं खाऊ दे."

तिचंही चुकलं म्हणवेना. आमच्याकडे पाहुण्याला मान द्यायचा म्हणजे भरीत. अनोळखी फळ हाती आलं आणि त्याचा मान ठेवायचा, तर अक्काला दुसरं काय सुचणार?

तेवढ्यात दोघी आल्या. बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. स्वयंपाकघरातून येताना तिनं माठाकडे पाहिलं, मग परसात राखेतल्या काळ्या सालीकडे. "अक्का, ते आईचं होतं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

अक्काचा चेहरा उतरला. तिला मी माझे वडील गेल्यानंतर एवढी गांगरलेली पाहिली नव्हती. ती आत गेली आणि कोपऱ्यातून घागर घेऊन आली. पाण्यानं भरलेली, कुंकवाची बोटं ओढलेली. माझ्या वडलांची घागर तर देवाजवळ सकाळीच मांडून झाली होती. ही दुसरी होती. हिच्या तोंडावर डांगर नव्हतं.

"हाई तुना मायनी," अक्का म्हणाली. "आम्हणामा इहीननी घागर भरतस नही. लोके हसतीन. हसू देत. वर तेच फळ ठेवसू म्हनं, तुले दखाडसू. पण वाटनं, फळ कच्चं ठेईसन ती काय खाई? म्हणीसन भाजं."

सुनेच्या आईची घागर सासरी भरल्याचं मी तरी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बायको रडायची थांबली. घागरीकडे बघत राहिली. मग बडगीकडे सरकली, बोटावर थोडं भरीत घेतलं, चाखलं. ठसका लागला.

"आईला एवढं तिखट चालायचं नाही," ती नाक पुसत म्हणाली.

अक्काच्या तिखटाला नाव ठेवायची छाती वडलांनाही कधी झाली नव्हती. अक्कानं परातीवरचं फडकं उचललं. खाली नीरफणसाचा निम्मा भाग होता, भाजलेला पण कुटायचा राहिलेला. "निम्मा शे आजून. सांग, कसं करतस?"

बायको उठायला लागली तसा अक्कानं तिचा खांदा दाबला. "बठ तठेच. आज आखाजी शे. लेकी रांधतस नही. तू नुसतं सांग."

मग बायको पायरीवर बसून सांगत राहिली आणि अक्का करत राहिली. पातळ फोडी करा. हळद, मीठ, तिखट अगदी चिमूटभर. अक्काची चिमूट मोठी झाली की बायको "कमी, कमी" म्हणायची आणि अक्का, जिनं आजवर मीठ किती घालायचं हे कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं, ती चिमूट परत डब्यात टाकायची. तांदळाचं पीठ घरात नव्हतं. दादर ज्वारीच्या पिठात घोळवलं तर चालेल का, असं अक्कानं विचारलं. बायको म्हणाली, चालेल.

काप तव्यावर तांबूस झाले. आत बटाट्यासारखे मऊ, कडेला धुराचा वास. ते आईच्या हातचे नव्हतेच. पण बायकोनं एक खाल्ला, मग दुसरा, आणि तिसरा बहिणीच्या हातावर ठेवला. भरिताचं म्हणाल तर ते मी आणि माझ्या पत्तेवाल्यांनी नाक पुसत संपवलं.

अक्कानं काप घागरीवर ठेवले. एक वेगळा काढून निखाऱ्यावर टाकला, वर तूप सोडलं. जाळ उठला तेव्हा तिनं हात जोडले आणि कधीही न पाहिलेल्या विहिणीशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी.

"इहीनबाई, जेवी ले. पहिले मन्हाकडथीन तिखट व्हई गयथं, तुनी पोरनी नीट कराई लिधं. आते झाडनी चिंता करू नको. आखाजीले ती आठेच येत जाई."

आठेच, म्हणजे इथेच. बहीण बाहेर गेली आणि निंबाखालचा झोका वहिनीसाठी मोकळा करून, दोर धरून उभी राहिली.