सोमवारी घाणा बंद

फोन आला तेव्हा मी तळ्याच्या काठावर माशांच्या खाद्याचं पोतं बांधत होतो. मल्लप्पाच्या सूनबाईचा आवाज. "गुरुजी, मामा गेले..." पोतं तसंच टाकून निघालो. आज महिना उलटला, आणि आता कुठं लिहायला बसलोय. रडगाणं लिहिणार नाही. त्याला ते चाललंच नसतं, आणि मला तर त्याच्याविषयी छाती फुगवूनच बोलायचंय.

उदगीरला आम्ही एका बाकावर शिकलो. तो लिंगायत, घरचा तेलाचा घाणा. मी भोई, पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्यांतला. त्यानं जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नाही. मास्तरकीतून रिटायर झाल्यावर मी सगळा फंड ओतून शेतात तळं खोदलं, रोहू-कटला सोडले. एकदा विकतच्या खाद्याचं पोतं त्याच्या ओट्यावर टेकवलं, तर हा नाकाला उपरणं लावून बाहेर. "काय हाय रे ह्यात?" म्हटलं, वाळल्या मासळीचा भुगा, समुद्राकडून येतो. "माशाला मासेच चारायलास? तिकडचे मारायचे आन् इकडचे पोसायचे! माझी करडईची पेंड काय मेली का?"

झालं! गडी पेटला. पेंड आणि डाळ मिलमधली तुरीची चुनी, म्हणजे टरफलं नि कणी, भिजवून, वाफवून त्यानं उंडे केले. माशांनी हुंगलेसुद्धा नाहीत, सगळी टरफलंच. मी पोट धरून हसलो. मग त्यानं पेंड दळली, तीनदा चाळली, थोडा गूळ घातला, आणि प्रत्येक खेप स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायचा. "मी खाईन तेच माझे मासे खातील." तळं माझं, बरं का! ते खाद्य भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधायचं, पाण्यात सोडायचं. मासे तोंड लावून लावून खायचे. बाजारात लोक 'मल्लप्पाचे शाकाहारी मासे' म्हणून हसायचे, हा उलट मिशीला पीळ द्यायचा.

मग दुष्काळ आला. लातूरला पाणी रेल्वेनं येऊ लागलं. चौकात मात्र उदगीर जिल्हा होणार म्हणून गप्पा रंगायच्या. "जिल्हा करा न्हाईतर राजधानी करा, आधी तळ्यात पाणी सोडा," मल्लप्पा म्हणायचा. त्यातच लेकीच्या बाळंतपणाला मी महिनाभर नांदेडला गेलो, तळं त्याच्या भरवशावर टाकून. परतलो तो सोमवार होता. बघतो तर पोती रिकामी, बांबूला उलटी टांगलेली. तसाच मल्लप्पाच्या ओट्यावर जाऊन ओरडलो.

"मारतोस का माझे मासे? आयुष्याची कमाई आहे ती!"

"सोमवारी घाणा बंद असतोय," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्या वडिलांच्या काळी घाण्याला बैल होता. सोमवार नंदीचा, त्या दिवशी बैलाला जू नाही. बैल गेला, मोटर आली, तरी ह्याचा सोमवार सुटला नव्हता. पेंडीच्या खोलीलाच कुलूप! मी असताना रविवारीच जास्तीचं खाद्य आणून ठेवायचो, ह्यानं मात्र महिनाभर दर सोमवारी मासे उपाशी ठेवले. मी नको नको ते बोललो आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. पाणी कमरेएवढं, त्यात उरलेलं खाद्य कुजलेलं. मी धावत माझ्या तळ्यावर गेलो. तेही तेवढंच आटलेलं, पण पाण्याला वास नाही, मासे उड्या मारताहेत. सोमवारचे भुकेले मासे मंगळवारी पोतं पुसून साफ करत, कुजायला काही उरतच नव्हतं. मेलेले मासे बघायला आलेले मत्स्य खात्याचे साहेब माझ्या तळ्यात वाकून बघत म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" जमलेल्या लोकांत मल्लप्पाही होता, मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"आमच्या बैलानं," तो म्हणाला.

मी त्याची माफी मागितली, तर म्हणे, "चल हट, पोतं धर." जाळं ओढलं त्या दिवशी जन्मभर मासळीला न शिवलेला हा माणूस पाण्यात उतरला. चांगला थोराड रोहू दोन्ही हातांत धरला. "मास्तर, ह्याच्या अंगात माझी करडई हाय." डोळे भरले होते लेकाचे. तिथंच डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच घरी गेला, हेही सांगायला हवं.

आता घाणा सूनबाई चालवते, आणि आसपासची तळी त्याच्याच खाद्यावर चालतात. परवा सोमवारी एसटीनं येत होतो. खिडकीतून एकामागं एक तीन तळी दिसली. तिन्हींवर पोती रिकामी, उलटी टांगलेली... शेजारी अनोळखी मुसाफिर बसला होता. त्यानं काही विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "आज आमच्या मल्लप्पाचा घाणा बंद असतोय."